धीराची गौरवपत्रे

एखाद्या घरात कायमच्या व्याधीने ग्रासलेले मूल असले, म्हणजे त्या घराविषयी आपला समाज जे पहिले उद्गार काढतो ते आईबापांच्या धीराविषयी असतात. ‘धन्य आहे हो तुमची’, ‘आमच्याच्याने झाले नसते’, ‘देव असे मूल सोसणाऱ्याच्याच पदरी घालतो’ अशी ही गौरवपत्रे दारात उभ्या उभ्या दिली जातात, आणि ती देऊन झाल्यावर देणाऱ्याच्या मनावरचे ओझे उतरते, घेणाऱ्याचे मात्र होते तेथेच राहते. धैर्य हा सद्गुण आहे याबद्दल दुमत नाही. पण ज्या धैर्याची गरज बऱ्याच अंशी शेजाऱ्यांच्या अज्ञानाने आणि सरकारी दफ्तरांच्या रिवाजाने निर्माण केलेली असते, त्याची स्तुती करताना स्तुती करणाराला थोडा संकोच वाटावयास हवा.

ज्या व्याधीच्या निमित्ताने हे लिहीत आहे ती आहे ड्रावे सिंड्रोम हा अपस्माराचा एक प्रकार. फ्रेंच डॉक्टर शार्लोट ड्रावे यांनी १९७८ मध्ये तिचे वर्णन केले. १५ ते २० हजार जन्मांमागे साधारणतः एका बालकाला ती होते असा अंदाज आहे. मूल वर्षाचे होण्यापूर्वी, बहुधा तापाच्या निमित्ताने, पहिली फिट येते आणि ती चटकन ओसरत नाही. मग झटक्यांचे प्रकार वाढतात, दुसऱ्या वर्षापासून चालणे-बोलणे रेंगाळू लागते, दोन-तीन औषधे एकाच वेळी चालू असूनही फिट्स पुरत्या थांबत नाहीत, आणि झोपेत अकस्मात मृत्यू येण्याचा धोका असल्यामुळे अशा घरात रात्री कोणी तरी एक जण अर्धवट जागाच असतो.

या व्याधीत झटका चेतवायला ताप, गरम पाण्याची आंघोळ किंवा नुसते ऊनही पुरते. भिलाईच्या दक्षिणेस, केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या प्रशिक्षण केंद्रामुळे बाहेरच्यांना ठाऊक असलेल्या आमच्या उतईत मे महिन्यात पारा कोठवर चढतो हे ज्याने अनुभवले आहे, त्याला असे मूल सांभाळणे म्हणजे काय याची कल्पना वेगळी द्यावी लागू नये. त्यात १९५९ मध्ये भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली तेव्हापासून या परिसराचे घड्याळ तीन पाळ्यांवर चालते. बाप रात्रपाळीला गेलेला, कूलरमधले पाणी संपत आलेले, आणि आई एका हाताने मुलाच्या अंगावर ओला पंचा फिरवीत दुसऱ्या हाताने फोन लावीत आहे, हे दृश्य अशा घराला नवे नसते. कारखान्याच्या कायम कामगाराला निदान सेक्टर ९ च्या रुग्णालयाचा आधार असतो. ठेकेदाराकडे राबणाऱ्या मजुराला तो हक्क नाही. रायपूरच्या टाटीबंधला २०१२ पासून एम्स आहे खरे, परंतु फिट पाच मिनिटांपेक्षा अधिक लांबली की प्रत्येक मिनिटाला मोल असते, आणि तेवढ्या वेळात येथून रायपूर गाठता येत नाही.

नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून छत्तीसगडात रुजलेली काही मराठी घराणी आणि कारखान्यामागून विदर्भातून आलेली अनेक कुटुंबे या भागात आहेत. या दुसऱ्या वर्गातील घरांना आणखी एक उणीव भासते. आजी वर्ध्याला, मावशी अमरावतीला. मूल तासभर कोणाच्या हवाली करून आईने निवांत झोप घ्यावी असे हक्काचे माणूस गावात नाही. हे माणूस फोनवर भेटते, आणि फोनवर बहुधा सल्लाच मिळतो.

सल्ल्यांपेक्षाही जाचक असतो तो कारणांचा शोध. मूल आजारी पडले की आपल्याकडे प्रथम सुनेच्या माहेरची वंशावळ तपासली जाते. वस्तुतः ड्रावे सिंड्रोमचे कारण बहुतेक मुलांत एससीएन१ए नावाच्या जनुकातील बिघाड हे असल्याचे २००१ मध्ये निष्पन्न झाले, आणि हा बिघाड बहुसंख्य मुलांमध्ये नव्यानेच उत्पन्न झालेला असतो. तो ना आईकडून आलेला असतो ना बापाकडून. दुसरा आरोपी म्हणजे लस. लस टोचल्यावर ताप येतो, तापात पहिली फिट येते, आणि घरचे लोक आयुष्यभर त्या सुईला व स्वतःच्या संमतीला दोष देत राहतात. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००६ मध्ये, लसीमुळे मेंदूला इजा झाली असे मानलेल्या १४ रुग्णांचे जनुक तपासले, तेव्हा त्यांतील ११ जणांत हाच बिघाड आढळला. म्हणून जनुकीय तपासणी हा श्रीमंतांचा शौक आहे असे जे म्हटले जाते ते मला मान्य नाही. त्या एका कागदाने एखाद्या आईवरचा वर्षानुवर्षांचा अभियोग निकालात निघतो. शिवाय फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन यांसारखी सर्रास दिली जाणारी औषधे या मुलांचे झटके वाढवू शकतात, ही गोष्ट उपचार करणाऱ्या डॉक्टरला वेळेवर कळते.

आईबापांकडे केवळ सोशिक माणसे म्हणून पाहण्याची जी आपली रीत आहे तिला वैद्यकाच्या इतिहासातच एक उत्तर आहे. इंग्लंडमधील टनब्रिज गावच्या विल्यम वेस्ट या डॉक्टराने १८४१ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाला पत्र लिहून आपल्या स्वतःच्या तान्ह्या मुलाच्या विचित्र आचक्यांचे वर्णन केले आणि समव्यावसायिकांकडे मदत मागितली. त्याच्या मुलाला तिचा उपयोग झाला नाही. पण ती व्याधी आज वेस्ट सिंड्रोम म्हणून ओळखली जाते, आणि तिचे पहिले बिनचूक निरीक्षण पाळण्यापाशी बसलेल्या एका बापाचे आहे. आजही झटका किती वाजता आला, किती वेळ टिकला, कोणता हात आधी हलला याची वही ठेवणारी आई ही डॉक्टरांची सहकारी असते. बाह्यरुग्ण विभागात तिला बोलायला मिळणारा वेळ पाहता ही गोष्ट सर्वांना मान्य आहे असे मात्र दिसत नाही.

आता कायद्याकडे पाहू. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात १९७६ मध्ये झालेल्या दुरुस्तीने अपस्माराचे वारंवार येणारे झटके हा विवाहाला अडसर ठरवला होता. ते शब्द १९९९ मध्ये वगळले गेले, म्हणजे राज्यसंस्थेला हा कलंक पुसण्यास २३ वर्षे लागली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ अपंगत्वांची यादी आहे. आमच्या छत्तीसगडात पुष्कळ आढळणाऱ्या सिकलसेलला तीत जागा मिळाली, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु अपस्माराचे स्वतंत्र नाव त्या यादीत नाही. परिणामी दाखल्यासाठी आईबापांना मुलाची बौद्धिक अक्षमता किंवा अन्य दीर्घकालीन मज्जाविकार सिद्ध करीत कचेरीच्या पायऱ्या चढाव्या लागतात, आणि मूल शाबूत दिसले तर टेबलापलीकडचा कारकून त्यांच्याकडेच संशयाने पाहतो. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना बालसंगोपनासाठी ७३० दिवसांची रजा मिळते. दुर्मीळ आनुवंशिक विकार असलेल्या मुलाच्या आईला ती नाकारणाऱ्या हिमाचल प्रदेशला सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये आपल्या धोरणाचा फेरविचार करावयास सांगितले. खासगी दुकानात किंवा ठेकेदाराकडे काम करणाऱ्या आईसाठी अशी तरतूद कोठे आहे?

कुटुंबाचा टिकाव हा काही आत्मबलाचा चमत्कार नव्हे. आईला आठवड्यातून दोन रात्री सलग झोप मिळणे, धाकट्या भावंडाच्या शाळेच्या कार्यक्रमाला आईबापांपैकी एकाला जाता येणे, औषध संपण्याआधी पुढची बाटली घरात असणे, आणि आपल्यासारखेच दुसरे घर ओळखीचे असणे, अशा अगदी रुक्ष गोष्टींवर तो उभा असतो. स्वतः अपस्माराशी झगडलेल्या यशोदा वाकणकर यांनी पुण्यात ‘संवेदना’ हा आधारगट चालवून या शेवटच्या गोष्टीचे मोल दाखवून दिले आहे. दुर्ग-भिलाईतील मराठी मंडळांनी गणेशोत्सवाच्या वर्गणीतला एक अंश आणि सभागृहाची एक खोली महिन्यातून एका दुपारी अशा घरांसाठी राखून ठेवली, तर त्यात उत्सवाचे काही उणे होणार नाही.

शेजाऱ्यांना फार शिकावयाचे नाही. मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, घड्याळाकडे पाहावे आणि पाच मिनिटांच्या पुढे गेल्यास वाहन आणावे. फिट थांबवण्यासाठी मिडाझोलामची नाकात मारावयाची फवारणी आपल्या देशात मिळते. डॉक्टरांनी लिहून दिली असल्यास ती घरचा माणूसही देऊ शकतो. ही फवारणी परिसरातील प्रत्येक सरकारी आरोग्य केंद्रात बारमाही साठ्यात असावी आणि कोणत्या मुलाला कोणते औषध देऊ नये याची नोंद तेथे ठेवली जावी, असा ठराव उतई नगर पंचायतीने पुढच्या सभेत मंजूर करून दुर्गच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा.