कॉफी सुटली, बिअर अडकली

डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एक नियम बदलला. खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर ‘हेल्दी’ हा शब्द कोणाला छापता येईल, याचा तो नियम. नव्या यादीत पाणी आणि चहाच्या जोडीने कॉफीलाही जागा मिळाली. अट एवढीच, की एका कपात पाचपेक्षा कमी कॅलरी असाव्यात. त्यानंतर पंधरवडाभरात, ३ जानेवारी २०२५ रोजी, त्याच देशाचे सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी मद्य आणि कर्करोग यांच्या संबंधावर जाहीर इशारा दिला. मद्यामुळे किमान सात प्रकारच्या कर्करोगांचा धोका वाढतो, आणि बाटलीवर तसे स्पष्ट छापले पाहिजे, असे त्यांनी सांगितले.

या दोन बातम्यांनी सर्वाधिक करमणूक कोणाची केली असेल, तर घरी बिअर बनवणाऱ्या हौशी मंडळींची. अमेरिकेत ही मोठी जमात आहे. जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्यामुळे तिथल्या घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलनपर्यंत बिअर स्वतःसाठी बनवता येते, फक्त विकायची नाही. (आपल्याकडे ही हौस परवडणारी नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य बनवणे हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे.) या मंडळींपैकी अनेकांना कॉफीचेही वेड असते. तोच वजनकाटा, तोच थर्मामीटर, सकाळी कॉफीच्या बियांसाठी आणि संध्याकाळी हॉप्ससाठी. त्यांचा एक आवडता प्रकार म्हणजे कॉफी घातलेली काळी बिअर, ‘कॉफी स्टाउट’. मग प्रश्न पडणारच, की या बाटलीच्या एका बाजूला ‘हेल्दी’ आणि दुसऱ्या बाजूला ‘कर्करोग’ छापायचे का? हॉप्स ही वनस्पती आहे, म्हणजे बिअर ही पातळ कोशिंबीरच, हा त्यांचा दुसरा ठेवणीतला विनोद.

विनोद म्हणून हे छान आहे. अडचण अशी, की नेमके हेच तर्क गंभीर चेहऱ्याने बातम्यांत आणि मोबाइलवरच्या संदेशांत फिरतात. त्यामुळे कॉफी सुटली कशी आणि बिअर अडकली कशी, हे नीट पाहायला हवे.

कॉफीवर आरोप जुने आहेत. १९८१ मध्ये एका नामांकित अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात कॉफी आणि स्वादुपिंडाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारा अभ्यास आला आणि खळबळ उडाली. पुढच्या अभ्यासांत तो संबंध टिकला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९१ मध्ये मूत्राशयाच्या कर्करोगाच्या संदर्भात कॉफीला ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात टाकले. गोंधळ कुठे होता? कॉफी भरपूर पिणारी माणसे त्या काळी सिगारेटही भरपूर ओढत. धुराचा दोष कपाच्या माथी आला. धूम्रपानाचा हिशेब नीट वेगळा काढल्यावर आरोप फिका पडला आणि २०१६ मध्ये संस्थेने कॉफीला त्या गटातून काढले. त्याच बैठकीत मात्र ६५ अंश सेल्सियसपेक्षा गरम पेये ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरली, कारण त्यांचा संबंध अन्ननलिकेच्या कर्करोगाशी दिसला. पेय कोणतेही असो, प्रश्न तापमानाचा. ‘वाफाळता’ चहाच आवडणाऱ्यांनी ही तळटीप लक्षात ठेवावी.

बिअरची गोष्ट याच्या उलट घडली. कॉफीवर खोटा आळ आला, तर मद्याला खोटे प्रशस्तिपत्र मिळाले. कित्येक वर्षे अभ्यासांत दिसायचे, की अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा थोडे पिणारे जास्त जगतात. पण ‘न पिणारे’ या गटात कोण असतात? आयुष्यभर न प्यालेले असतात, तसे यकृत बिघडल्यावर किंवा हृदयविकारानंतर डॉक्टरांनी दटावल्यामुळे सोडलेलेही असतात. ही आजारी माणसे ‘निर्व्यसनी’ गटात गेली, की तो गट आपोआप अशक्त दिसतो आणि रोज एक ग्लास घेणारा तुलनेने ठणठणीत. शिवाय बेताने पिणारा अनेकदा खाऊनपिऊन सुखी, फिरायला जाणारा, वेळेवर तपासण्या करून घेणारा असतो. त्याचे श्रेय ग्लासाला मिळत गेले.

हा गुंता सोडवायला चीनमधला एक अभ्यास फार कामी आला. पूर्व आशियातील बऱ्याच लोकांमध्ये एक जनुकीय फरक असतो. त्यामुळे मद्य प्यायल्यावर चेहरा लाल होतो, मळमळते आणि माणूस आपोआप कमी पितो. हा फरक जन्मतः मिळतो, सवयी किंवा आजारपण यांच्यावर तो अवलंबून नसतो. सुमारे पाच लाख लोकांच्या नोंदींवरचा हा अभ्यास २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. नेहमीच्या पद्धतीने आकडे मांडले तर बेताने पिणाऱ्यांना पक्षाघात कमी, असेच चित्र दिसत होते. जनुकांच्या आधारे मांडल्यावर तो फायदा नाहीसा झाला. मद्य जितके जास्त, तितका पक्षाघाताचा धोका जास्त, अशी सरळ चढती रेघ उरली. यातला सर्वात देखणा भाग स्त्रियांचा आहे. तिथल्या स्त्रिया जवळपास पीतच नाहीत. तेच जनुक त्यांच्यातही होते, पण त्याचा पक्षाघाताशी संबंध दिसला नाही. म्हणजे दोष जनुकाचा नव्हता, मद्याचाच होता.

कर्करोगाच्या बाबतीत तर इतके फिरून येण्याचीही गरज नव्हती. मद्य १९८८ पासूनच कर्करोगकारकांच्या पहिल्या, म्हणजे खात्रीच्या गटात आहे. इथेनॉलचे शरीरात ॲसिटाल्डिहाइड होते आणि ते पेशींतील डीएनएला इजा करते. बिअर, वाइन, व्हिस्की यांत या बाबतीत फरक नाही. स्तनाच्या कर्करोगाचा धोका तर थोड्या मद्यानेही वाढतो.

गंमत अशी, की हे दावे तपासायला लागणाऱ्या हत्यारांपैकी काही बिअरच्याच कारखान्यांत घडली. डब्लिनच्या गिनेसमध्ये काम करणाऱ्या विल्यम गॉसेटला थोड्या नमुन्यांवरून खात्रीचा निष्कर्ष कसा काढायचा, हा रोजचा प्रश्न होता. त्याने १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने त्याचे उत्तर छापले आणि आज औषधांच्या चाचण्यांत सर्रास वापरली जाणारी ‘टी-टेस्ट’ जन्माला आली. आम्लता मोजण्याची पीएच ही पट्टी १९०९ ची, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतली. बिअरवाल्यांनी विज्ञानाला बरेच दिले. विज्ञानाने त्यांच्या बाजूने निकाल द्यावा, अशी सक्ती मात्र नसते.

आता हॉप्स. ही वेलीवर येणारी हिरवी, शंकूच्या आकाराची फुले, वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने भांगेची सख्खी चुलत बहीण. बिअरचा कडूपणा आणि बराचसा सुगंध त्यांचा. उकळल्यावर त्यांतील आम्ले रूप बदलतात, कडू होतात आणि पेय नासवणाऱ्या काही जिवाणूंना रोखतात. हॉप्समुळे पेय टिकते, हे बाराव्या शतकात जर्मनीतील हिल्डेगार्ड या संन्यासिनीने नोंदवले होते. त्याने मन खिन्न होते, असेही तिने लिहिले. म्हणजे आरोग्यविषयक दाव्यांची परंपरा तेवढीच जुनी.

आजचा लाडका घटक झँथोह्यूमॉल. प्रयोगशाळेतील बशीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर आणि उंदरांवर त्याचे परिणाम दिसले, की ‘बिअर कर्करोगावर गुणकारी’ असा मथळा तयार. घरी बिअर बनवणारा माणूस इथे हसतो, कारण तो रोज ग्रॅम आणि लिटर यांचा हिशेब करतो. बिअर उकळताना या घटकाचे बरेचसे रूपांतर होते आणि साधारणपणे लिटरमागे एक मिलिग्रॅमही शिल्लक राहत नाही. अमेरिकेतील एका प्राथमिक चाचणीत निरोगी माणसांना तो रोज २४ मिलिग्रॅम दिला गेला, तोही बिअरमधून नव्हे. तेवढा बिअरमधून मिळवायचा, तर अगदी उदार हिशेबानेही दिवसाला २४ लिटर प्यावी लागेल. पाच टक्क्यांच्या २४ लिटर बिअरमध्ये साडेनऊशे ग्रॅमच्या आसपास शुद्ध मद्य असते. माणूस त्याच्या कितीतरी आधी मरेल.

हाच हिशेब उलट्या दिशेनेही लावायला हवा. हॉप्समध्ये स्त्री-संप्रेरकासारखे वागणारे एक फार प्रभावी द्रव्य असते, म्हणून बिअर पिणाऱ्या पुरुषांची छाती वाढते, असा दुसरा लोकप्रिय किस्सा आहे. बिअरमध्ये त्या द्रव्याचे प्रमाणही नगण्यच. जास्त पिणाऱ्याचे शरीर सुटते, त्यासाठी मद्य, कॅलरी आणि बिघडलेले यकृत पुरेसे आहे. आणि ‘वनस्पती आहे, म्हणजे निर्धोक’ असे म्हणणाऱ्यांसाठी एक माहिती. ज्यांच्याकडे कुत्रा आहे ते हौशी बिअरवाले वापरलेले हॉप्स अंगणात टाकत नाहीत. कुत्र्याने ते खाल्ले तर त्याचे तापमान भयंकर वाढते आणि जीव जाऊ शकतो.

महाराष्ट्रात या लोकप्रिय विज्ञानाचा सर्वात टिकाऊ नमुना म्हणजे ‘मूतखडा झालाय? दोन बिअर मार, पडून जाईल’. हा सल्ला एरवी न पिणाऱ्यालाही दिला जातो, तोही मोठ्या आपुलकीने. त्यात सत्याचा कण आहे. मद्य मूत्र रोखून धरणारे संप्रेरक दाबते, त्यामुळे लघवी जास्त होते. पण तेवढ्याने अडकलेला खडा ढकलला जात नाही. वाट बंद असताना मागून पाण्याचा लोंढा वाढला, तर कळ वाढते. पाच मिलिमीटरपर्यंतचे बरेचसे खडे आपले आपण पडतात, कोणी बिअर प्यायली असो वा शहाळे. मग कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, आणि श्रेय बाटलीला.

एक अभ्यास मात्र बिअरच्या बाजूने दाखवला जातो आणि तो लपवण्याचे कारण नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतील मोठ्या गटांच्या नोंदींत रोज बिअर घेणाऱ्यांना खडे होण्याचा धोका ४१ टक्क्यांनी कमी दिसला. त्याच अभ्यासात कॉफी पिणाऱ्यांचाही २६ टक्क्यांनी कमी होता. पण हा खडे होऊ नयेत याविषयीचा हिशेब, झालेला खडा पाडण्याचा नव्हे. शिवाय तोही नोंदींवरचाच, म्हणजे कोण पितो आणि कोण पीत नाही हा वरचा गुंता इथेही आहेच. दुसऱ्या बाजूला बिअरमधल्या प्युरीनमुळे यूरिक ॲसिड वाढते. २००४ च्या एका मोठ्या अभ्यासात संधिवाताच्या ‘गाउट’ या प्रकाराशी सर्वात घट्ट संबंध बिअरचाच दिसला. काही खडे यूरिक ॲसिडचेच असतात, त्यांच्यावर बिअर हा उपाय कसा होईल? खड्याच्या दुखण्यात ताप आला किंवा लघवी बंद झाली, तर ती तातडीने रुग्णालयात जाण्याची वेळ असते, दुकानात जाण्याची नव्हे.

कॉफीला मिळालेले प्रशस्तिपत्रही जसेच्या तसे आपल्या कपाला चिकटवता येत नाही. ते काळ्या, बिनसाखरेच्या कॉफीचे आहे. दूध, दोन चमचे साखर आणि वर जायफळ घातलेली आपली कॉफी पाच कॅलरीत बसत नाही (ती चवीला उत्तम असते, हा भाग वेगळा). आपल्याकडचा खरा मुद्दा लोहाचा आहे. देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताल्पता असल्याचे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसले. जेवणासोबत घेतलेल्या चहा-कॉफीमुळे अन्नातील लोह कमी शोषले जाते. म्हणून आयसीएमआरच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत जेवणाआधी आणि नंतर किमान तासभर दोन्ही टाळायला सांगितले आहे. दिवसाला कॅफीनची मर्यादा ३०० मिलिग्रॅम. १५० मिलिलिटर कॉफीत ते ८० ते १२० मिलिग्रॅम असते, म्हणजे फार तर तीन कप.

कॉफी आणि मद्य एकत्र आले, की आणखी एक गैरसमज डोके वर काढतो. कॉफी प्यायली, की चढलेली उतरते. उतरत नाही. कॅफीनने झोप उडते, पण रक्तातले मद्य तेवढेच राहते. माणूस शुद्धीत आल्यासारखा वाटतो आणि गाडीची किल्ली उचलतो. याच कारणाने नोव्हेंबर २०१० मध्ये अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने वरून कॅफीन मिसळलेली मद्यपेये विकणाऱ्या चार कंपन्यांना इशारा दिला. कॉफी घातल्यामुळे आपसूक कॅफीन आलेल्या बिअरला मात्र तो लागू नव्हता, त्यामुळे कॉफी स्टाउट वाचली.

बाटलीवर काय छापावे, यावरची लढाई मात्र संपलेली नाही. मद्याचा प्राणघातक कर्करोगांशी थेट संबंध आहे, असे बाटलीवर छापण्याचा कायदा आयर्लंडने केला. तो २०२६ मध्ये अमलात यायचा होता, पण २०२५ च्या उन्हाळ्यात सरकारने तो २०२८ पर्यंत पुढे ढकलला. भारतात २०१९ पासून मद्यसेवन आरोग्यास हानिकारक असल्याची सूचना बंधनकारक आहे. त्यात कर्करोगाचा उल्लेख नाही, आणि बाटलीत मद्य किती ग्रॅम आहे हेही लिहिलेले नसते. तो हिशेब ग्राहकाने करायचा. मिलिलिटर गुणिले टक्के, भागिले शंभर, गुणिले ०.८. आठ टक्क्यांच्या ‘स्ट्राँग’ बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली घेतली, तर उत्तर येते ४१.६ ग्रॅम, म्हणजे अमेरिकी मापाने एका नव्हे, तीन पेगांएवढे मद्य.