गोळीची आठवण कोणी करायची?

उमरीच्या रेल्वे स्थानकावर धर्माबादच्या गाडीची वाट पाहणाऱ्यांकडे जरा पाहा. बहुतेकांच्या हाती मोबाइल असतो. त्यांच्यापैकी काहींना उच्च रक्तदाबही असेल. पण तो चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. पुष्कळदा ज्याचा त्यालाही तो ठाऊक नसतो.

खरी अडचण इथेच आहे. ताप उतरला की गोळी बंद करायची, ही आपली सवय. रक्तदाबाचे तसे नाही. काही दुखत नाही म्हणून माणूस गोळी सोडतो, दाब पुन्हा चढतो आणि हृदय, मेंदू व मूत्रपिंडे यांना मुकाट्याने इजा होत राहते. मग एके दिवशी अर्धांगवायूचा झटका येतो आणि घरचे म्हणतात, "कालपर्यंत तर धडधाकट होते!"

म्हणून मला वाटते, या विकारात औषधाइतकीच आठवणीचीही गरज आहे, आणि ते काम मोबाइलकडून करून घ्यावे. नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला. महाराष्ट्रात आरंभी सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे त्यात होते. पुढे या उपक्रमात 'सिंपल' नावाचे अ‍ॅप वापरात आले. ते असते परिचारिकेच्या मोबाइलवर, रोग्याच्या नव्हे! रोग्याच्या कार्डावरील चौकोनी खूण टिपली की त्याचे मागचे आकडे समोर येतात. ठरल्या तारखेला कोण आले नाही, त्यांची यादी मिळते आणि त्यांना फोन करता येतो.

नुसता लेखी संदेश पुरेसा नाही. अक्षरओळख नसलेल्या आजीला त्याचा काय उपयोग? त्यापेक्षा कामासाठी हैदराबादेला गेलेल्या नातवाने रोज सकाळी "आज्जी, गोळी घेतलीस का?" एवढे विचारले तरी पुष्कळ झाले.

मोबाइलने रक्तदाब मोजण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. कॅमेऱ्यावर बोट ठेवले की दाब सांगणाऱ्या अशाच एका अ‍ॅपची अमेरिकेत तपासणी झाली. २०१६ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दाब वाढलेल्या दर दहांपैकी सुमारे आठ जणांना त्या अ‍ॅपने वाढ नसल्याचे सांगितले होते! दंडाला पट्टा बांधून मोजण्याचे यंत्रच खरे. शाळेच्या प्रयोगशाळेत असे एक यंत्र का असू नये? आजोबांना पाच मिनिटे स्वस्थ बसवा, मग मोजा. आकडा तारखेसह मोबाइलमध्ये लिहून ठेवा. तो १४०/९० किंवा त्याहून अधिक आला, तर त्यांना आरोग्य केंद्रात घेऊन जा आणि ती नोंद दाखवा. औषधाचे डॉक्टर ठरवतील.