पातळ थर आणि स्वस्ताईचा हिशेब

खिशातल्या सौर कॅल्क्युलेटरवरची काळपट तपकिरी पट्टी ही पातळ थराच्या, म्हणजे थिन-फिल्म सौरघटाची बहुतेकांना झालेली पहिली ओळख. नेहमीच्या सौरपॅनेलमधली सिलिकॉनची चकती शंभराहून अधिक मायक्रॉन जाड असते. कॅडमियम टेल्युराइड प्रकाश इतका चांगला शोषते, की त्याचा काही मायक्रॉनचा थर पुरतो. माल कमी, म्हणून खर्च कमी, असा साधा हिशेब.

२००८मध्ये तो पटण्यासारखा होता. शुद्ध सिलिकॉनचा भाव तेव्हा किलोमागे ४०० डॉलरच्या घरात गेला होता. पुढच्या काही वर्षांत चीनमधल्या कारखान्यांच्या उत्पादनाने तो कोसळला आणि पातळ थराच्या अनेक कंपन्या बुडाल्या. अमेरिकेतली सोलिंड्रा २०११मध्ये दिवाळखोरीत निघाली, तिच्या ५३.५ कोटी डॉलरच्या कर्जाला सरकारची हमी होती. आज जागतिक बाजारात पातळ थराचा वाटा पाच टक्केही नाही. टिकली ती मुख्यतः फर्स्ट सोलर. तमिळनाडूतल्या तिच्या ३.३ गिगावॉट क्षमतेच्या कारखान्याचे उद्घाटन जानेवारी २०२४मध्ये झाले.

उन्हाने पॅनेल तापले की वीज घटते. कॅडमियम टेल्युराइडची थोडी कमी घटते. विदर्भातल्या मे महिन्यात हा गुण लहान नव्हे. पण त्याच क्षेत्रफळात चांगले सिलिकॉन जास्त वीज देते. म्हणून आरोग्य केंद्राच्या आखूड छपरावर सिलिकॉनच बरे, मोकळ्या माळरानावर दोघांची तुलना करावी.

राहिला प्रश्न कॅडमियमचा. जपानमधील तोयामा येथे खाणीतले कॅडमियम जिंझू नदीतून भातशेतीत उतरले, लोकांची मूत्रपिंडे बिघडली, हाडे ठिसूळ झाली. रुग्ण कण्हत, त्यावरूनच या रोगाचे नाव ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’, असे पडले. पॅनेलमधले संयुग मात्र पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि दोन काचांमध्ये बंद असते. छपरावर असेपर्यंत त्याला भिण्याचे कारण नाही. खरी काळजी पंचवीस वर्षांनंतरची. २०२२च्या ई-कचरा नियमांत सौरपॅनेल आली, हे चांगले झाले. तरी निविदा उघडताना नजर प्रति वॉट दरावरच असते. जुने पॅनेल कोण, कोणाच्या खर्चाने परत नेणार, हे करारात लिहिलेले नसेल, तर ते भंगारवाल्याकडे जाईल. त्याला हवी असते फक्त ॲल्युमिनियमची चौकट आणि तांब्याची तार. काच तो हातोड्याने फोडतो, तोंडाला रुमालही न बांधता.