लागेल कधीतरी!

मराठी घरात काहीही टाकून देणं म्हणजे जवळजवळ पापच! जुन्या साडीची गोधडी होते, श्रीखंडाच्या डब्यात डाळ जाते, रद्दी किलोवर विकली जाते आणि जुन्या कपड्यांवर बोहारीण भांडं देते. 'रीसायकलिंग' हा शब्द शाळेच्या पुस्तकात भेटायच्या कितीतरी आधी मी तो आजीकडे बघितला होता. ही काटकसर आहे आणि मला तिचा अभिमानच वाटतो.

पण मित्रांनो, ती गोधडी कधी शिवलीच नाही तर? डबे विसाचे दोनशे झाले आणि एकातही डाळ गेली नाही तर? रद्दीवाल्याला दारातूनच परत पाठवलं तर? मग तिला काटकसर म्हणता येत नाही. याला इंग्लिशमध्ये होर्डिंग म्हणतात (रस्त्यावरचं जाहिरातीचं नव्हे!) आणि माझ्या बाबांना तो आजार आहे.

आमच्या दुसऱ्या बेडरूमचं दार मी सातवीत असल्यापासून पूर्ण उघडत नाही. आत पेपरचे गठ्ठे, वायरी, बंद पडलेले रेडिओ, लग्नपत्रिका आणि मिक्सरचं खोकं (मिक्सर केव्हाच भंगारात गेला!). डायनिंग टेबल आहे, पण आम्ही जेवतो खाली, उरलेल्या जागेत. बाबा आळशी नाहीत, कंजूष तर अजिबात नाहीत. माझी फी त्यांनी एकदाही उशिरा भरली नाही. पण एक जुना पेपर उचलला तरी त्यांचे हात थरथरतात. उत्तर ठरलेलं, "असू दे गं, लागेल कधीतरी."

अशा घरात वाढणं म्हणजे काय? तर मैत्रिणींना कधी घरी बोलवायचं नाही. बर्थडे नेहमी मावशीकडे. बेल वाजली की आई दार अर्धवट उघडून बाहेरच उभी राहून बोलणार. आणि सगळ्यात चीड येते ती याची, की पसारा बाबांचा, पण "घर आवरत नाही" हे बोलणं मात्र आईला! आपल्या समाजाचं हे लॉजिक मला कधीच कळलेलं नाही.

पूर्वी होर्डिंग हा ओसीडीचाच प्रकार समजला जायचा. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ या ग्रंथात २०१३ साली त्याला स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळाली. २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्येही तो आहे. वस्तूची किंमत किती, हा मुद्दाच नसतो. ती टाकताना जीव कासावीस होतो आणि राहत्या खोल्या वापरता येईनाशा होतात, हा मुद्दा. हसण्यावारी न्यायचं म्हणाल, तर १९४७ साली न्यूयॉर्कमध्ये कॉलियर नावाचे दोन भाऊ स्वतःच्याच घरात मेलेले सापडले. एक ढिगाऱ्याखाली दबून, आणि दुसरा, जो आंधळा होता, उपाशी. घरातून शंभर टनांहून जास्त सामान निघालं.

"बाबा गावाला गेले की टेम्पो बोलवा आणि रिकामं करून टाका!" हा सल्ला आम्हाला निदान दहा जणांनी दिलाय. माझा याला ठाम विरोध आहे. ढीग पुन्हा साचतो आणि विश्वास मात्र कायमचा जातो. वर्कशॉपमध्ये आपल्याला ५एस शिकवतात. त्यातली पहिली पायरी सेईरी, म्हणजे लागणारं आणि न लागणारं वेगळं करणं. पण मशीनला भीती वाटत नाही, माणसाला वाटते. म्हणून इथे वेगळं करायचं ते त्या माणसानेच. थेरपीतही हेच करतात. आधी नवीन वस्तू येणं थांबवायचं, मग थोडं थोडं काढायचं, आणि प्रत्येक वस्तूचा निर्णय त्याचाच. दार, गॅस, जाण्यायेण्याची वाट एवढं तरी आधी मोकळं करायचं, कारण आग लागली तर वाद घालायला वेळ नसतो.

बाबांना डॉक्टरकडे न्यायला आम्हाला सहा महिने लागले. आता दर रविवारी एक खोकं. काही रविवारी त्यातून एक वायरसुद्धा बाहेर जात नाही. पण गॅलरीत आता दोन खुर्च्या मावतात!

तुमच्या विंगमध्ये एखादी मुलगी असेल, जी सगळ्यांच्या घरी जाते पण स्वतःच्या घरी कुणालाच बोलवत नाही. लगेच "ॲटिट्यूड आहे" म्हणू नका. आणि ती तुम्हीच असाल तर एवढंच सांगते, की हा आजार आहे आणि तो तुमच्यामुळे झालेला नाही. सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनवर (१४४१६) मराठीतून बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

रेक्टर मॅडम आणि सगळ्या सरांना एक विनंती. फर्स्ट इयरच्या ओरिएंटेशनमध्ये आपण अँटी-रॅगिंगवर बोलतो, प्लेसमेंटवर बोलतो. त्यात एक तास घरच्यांच्या मानसिक आजारांसाठीही ठेवा. घर सोडून होस्टेलला आलेली मुलं घर मागे ठेवून येतातच असं नाही.