गोंगाटालाही शिस्त असते

जॅझ, पंक आणि मेटल या तीन पाश्चात्त्य संगीतप्रकारांची सरमिसळ करणारा एखादा बँड वाजू लागला, की आपल्या मध्यमवर्गीय घरांतून दोनच प्रतिक्रिया उमटतात. 'याला का संगीत म्हणायचे?' ही एक, आणि 'जाऊ द्या, पोरांचे वय आहे' ही दुसरी. पहिलीत तुच्छता आहे, दुसरीत नुसती सहनशीलता. ऐकण्याची तसदी दोन्हींत नाही. माझे म्हणणे एवढेच, की निकाल द्यायचा तर आधी ऐकावे, आणि आपल्या नेहमीच्या कसोट्या लावूनच ऐकावे.

न्यूयॉर्कचा सॅक्सोफोनवादक जॉन झॉर्न याचा 'नेकेड सिटी' हा या जातीतला गाजलेला अल्बम १९९० साली आला. तासाभराच्या आत २६ रचना. त्यातली एक तर अवघी ८ सेकंदांची. जेम्स बाँडची ओळखीची धून, ऑर्नेट कोलमन या जॅझमधल्या बंडखोराची रचना, मध्येच पंकचा धुमाकूळ आणि त्यावर जपानी गायक यामात्सुका आय याच्या किंकाळ्या. पहिल्यांदा ऐकताना वाटते, कुणीतरी रेडिओचे बटण उगीच फिरवत बसले आहे. दुसऱ्यांदा ऐकताना कळते, की सगळे वादक एकाच क्षणी थांबतात आणि एकाच क्षणी दुसऱ्या लयीत उडी घेतात. तिहाई घेऊन समेवर येणाऱ्या तबलजीला मान डोलावून दाद देणाऱ्या श्रोत्याला ही करामत परकी वाटू नये.

या तिन्ही प्रकारांचे कूळ गरिबाघरचे आहे. जॅझ न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीयांनी घडवले. मेटल बर्मिंगहॅमच्या कामगारवस्तीतले. तिथल्या टोनी आयोमी या गिटारवादकाने पत्र्याच्या कारखान्यात दोन बोटांची टोके गमावली. बोटांना प्लॅस्टिकची टोपणे बसवून, पातळ तारा लावून आणि पुढे त्या सैल करून तो वाजवत राहिला. 'ब्लॅक सॅबाथ'चा तो जड, खर्जातला आवाज या मार्गाने घडला. पंकने १९७०च्या दशकात सांगितले, की तीन कॉर्ड येत असल्या आणि मनात संताप असला तरी गाणे होते. पण यांचे स्वभाव जुळणारे नाहीत. जॅझला ऐन वेळी सुचलेला विस्तार हवा असतो, पंकला विस्ताराचाच तिटकारा, आणि मेटलला हवे वजन. एकाने दुसऱ्याला गिळू नये, इतकी तिघांची जाण असल्याशिवाय ते एकत्र नांदत नाहीत.

आपल्याकडे हा संसार नवा नाही. विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेल्या सी. रामचंद्रांनी गोव्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट याला साहाय्यक म्हणून सोबत घेतले. 'अलबेला'ची (१९५१) गाणी तेव्हा अनेकांना उथळ वाटली असतील. आज तीच आपण जुने सोने म्हणून ऐकतो. बेळगावच्या शोभा गुर्टू यांनी तर ठुमरीतला आपला आवाज मुलाच्या, त्रिलोक गुर्टूच्या, 'उस्फ्रेट' (१९८८) या अल्बमला दिला. त्यात ट्रम्पेट वाजवणारा डॉन चेरी हा वर सांगितलेल्या कोलमनचाच जुना साथीदार. ठुमरीची शान त्याने रतिभरही उणी झाली नाही. अगदी अलीकडे मुंबईच्या 'स्क्राइब' या बँडने पंक आणि मेटलच्या या वारशात हिंदी सिनेमाचा विनोद मिसळला. त्यांच्या २०१४च्या अल्बमचे नावच 'हेल मोगॅम्बो'! अशा टवाळीमागे किती तालीम असते, हे बाहेरच्याला दिसत नाही.

खरा प्रश्न त्या तालमीचा आहे. आमच्या करंजाडेसारख्या, सिडकोने आखलेल्या वसाहतीत इमारती आहेत, दुकाने आहेत, पार्किंगची भांडणे आहेत. एखाद्या चौघांच्या बँडला ड्रम वाजवायला जागा मात्र नाही. फ्लॅटमध्ये वाजवले तर शेजारी तक्रार करणार, आणि ती रास्तच असणार. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. ड्रम ती पहिल्याच टोल्याला ओलांडतो. पण आमचा न्याय तरी सरळ कुठे आहे? हळदीचा डीजे आम्ही परंपरेच्या खात्यावर टाकतो, ऑक्टोबर २०२५मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळाच्या विमानांचा आवाज प्रगतीच्या खात्यावर. पोरांचा ड्रम तेवढा उपद्रवाच्या खात्यावर! नोकरीची सारी वर्षे बँकेत खतावण्या तपासण्यात गेल्याने अशा नोंदी मला खटकतात.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. वसाहत आखताना बगिचा आणि समाजमंदिर यांच्यासाठी भूखंड राखतात. त्याच समाजमंदिरात आवाज बाहेर न जाणारी एक खोली बांधावी आणि ती ताशी भाड्याने द्यावी. तिथे सकाळी भजनी मंडळाने मृदंग लावावा, दुपारी नाटकवाल्यांनी तालीम करावी, संध्याकाळी मेटलवाल्यांनी भिंती हादरवाव्यात. एकाच खोलीत ये-जा करताना ही मंडळी दारात दोन मिनिटे थांबून एकमेकांचे ऐकतील. चिक चॉकलेट आणि सी. रामचंद्र अशाच कुठल्यातरी दारात भेटले असणार. त्या पोरांतून पुढे कोण निघेल, हे आज कुणालाच सांगता येणार नाही. पण वाजवायला जागाच दिली नाही, तर कुणीही निघणार नाही, हे मात्र खात्रीने सांगता येते.