रंग पाहतो, कातडी पाहत नाही

गेल्या वर्षी प्रवेशाचा अर्ज भरायला आण्णा माझ्याबरोबर आले होते. रांगेत मागे उभ्या असलेल्या मुलीने मला हळूच विचारले, "तुझे वडील शेतात काम करतात का? किती रापले आहेत!" मी "हो" म्हणाले आणि विषय संपवला.

ते खोटे होते. आमचे शेत कधीच गेले. आण्णा गेली पंचवीस वर्षे भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत एका पत्र्याच्या शेडमध्ये वेल्डिंग करतात. सकाळी आठला आत जातात, दिवस मावळल्यावर बाहेर येतात. त्यांना ऊन लागतच नाही. मग त्यांची मान, गळ्याखालचा त्रिकोण आणि मनगटे कशाने रापली?

वेल्डिंगच्या ठिणगीत जो निळसर पांढरा उजेड असतो, त्यात डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. सूर्याच्या अतिनील किरणांपैकी सर्वांत घातक प्रकार वातावरणातील ओझोन अडवतो. तो जमिनीवर पोहोचत नाही. वेल्डरच्या होल्डरपासून त्याच्या छातीपर्यंतचे अंतर मात्र एका हाताचे असते. तिथे ओझोन कुठला? बाह्या दुमडून तासभर काम केले की संध्याकाळी कातडी लाल होते, आग होते, पुढे सालटे निघतात. काळी काच न धरता टाका मारला की रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते. आमच्या घरी अशा रात्री आई बटाट्याच्या चकत्या करून आण्णांच्या डोळ्यांवर ठेवते. लहानपणी मला वाटे, सगळ्यांच्याच घरी बटाटे यासाठीही आणतात.

मित्रहो, हे लिहिण्याचे कारण निराळेच आहे. ग्रंथालयात एका मासिकात वाचले की, युरोप-अमेरिकेत गोरे लोक पैसे देऊन हेच किरण अंगावर घेतात! अतिनील नळ्या बसवलेल्या पेटीत झोपायचे आणि कातडी तांबूस करून घ्यायची. तिकडे असा रंग सुट्टी आणि सुबत्ता यांची खूण समजला जातो. पण तो रंग म्हणजे जखमी झालेल्या कातडीने स्वतःच्या बचावासाठी केलेली धडपड असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ साली या पेट्यांना कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातले. त्याच वर्षी ब्राझीलने त्यांवर बंदी आणली. ऑस्ट्रेलियाच्या बहुतेक राज्यांनी २०१५ च्या सुरुवातीपासून अशी दुकाने बंद केली.

त्याच संस्थेने २०१७ साली वेल्डिंगच्या अतिनील किरणांनाही त्याच पहिल्या गटात घातले. वेल्डिंगच्या धुरालाही. डोळ्यातील कर्करोगाशी या किरणांचा संबंध तिने मान्य केला. पेट्यांची दुकाने बंद करता आली. वेल्डिंग बंद करता येणार नाही, आणि तशी माझी मागणीही नाही. आमची चूल त्यावरच पेटते. पण निदान आडोसा तरी?

१९४८ च्या कारखाना कायद्यात प्रखर उजेडापासून डोळ्यांच्या रक्षणासाठी कलम ३५ होते. मात्र विजेवर चालणाऱ्या जागेत किमान १० कामगार असतील तरच तो कारखाना ठरे. २०२० च्या नव्या संहितेने हा आकडा २० केला. आण्णांच्या शेडमध्ये सात जण आहेत. चाकणच्या मोठ्या मोटार कारखान्यांत वेल्डिंगला यंत्रमानव आहेत. पण लहानसहान कंस, चौकटी आणि जाळ्या अशा सात माणसांच्या शेडमध्येच जोडल्या जातात.

आता आपल्याकडे पाहू. आपण त्या पेट्यांना हसू. पण आपल्या चिंचवड-निगडीच्या ब्युटी पार्लरांत 'डी-टॅन'चे फलक आहेतच. मी अकरावीत असताना मावशी म्हणाली, "पोरगी बापाच्या रंगावर गेली, स्थळं बघताना जड जाईल." मी मेडिकलमधून मैत्रिणीने सांगितलेले मलम आणले. पंधरा दिवसांत चेहरा उजळला. तीन महिन्यांनी उन्हात गेले की गाल पेटत, पुरळ थांबेना. डॉक्टरांनी सांगितले, त्यात स्टेरॉइड आहे. अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास केंद्र सरकारने २०१८ सालीच मनाई केली आहे. मला कुणी चिठ्ठी विचारली नाही. मीही काही विचारले नाही.

गोरी बाई तांबूस होण्यासाठी कातडी भाजून घेते, सावळी मुलगी उजळ होण्यासाठी कातडी पातळ करून घेते, आणि ज्याची कातडी कामासाठी खरोखर भाजते त्याच्या रंगाला आपण नावे ठेवतो. आपण सारे रंग पाहतो, कातडी कोणी पाहत नाही. हाच खरा रोग आहे, असे माझे मत आहे.

कोणी म्हणेल, सावळ्या कातडीला कर्करोगाचे भय कमी. हे खरे आहे. आमच्या रंगाचा तेवढा उपकार आहे. पण कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि डोळ्यांच्या आगीला रंग विचारात घेता येत नाही. कोणी म्हणेल, कामगार स्वतःच काळजी घेत नाहीत. आण्णाही घेत नाहीत. मी विचारले तेव्हा म्हणाले, "एका हातात होल्डर, एका हातात काच, मग जॉब कोण धरणार? नगावर पैसे मिळतात, बाळा." डोक्यावर बसणारी काच मिळते, पण ती ज्याची त्याने विकत घ्यायची असते.

आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी एखाद्या खेड्यात जाते. यंदा एक दिवस ते भोसरीच्या शेडमध्ये न्यावे, अशी माझी प्राध्यापकांना विनंती आहे. लांब बाह्यांचे जाड सुती सदरे, मानेला गुंडाळायचे कापड, चामड्याचे हातमोजे, डोक्यावरची काच, आणि शेजारच्या हेल्परला उजेड लागू नये म्हणून मध्ये एक पडदा. एवढ्याने पुष्कळ काम होईल.

रांगेतली ती मुलगी आता माझ्याच वर्गात आहे. हा लेख ती वाचेल. तिला माझे खरे उत्तर असे आहे : माझे वडील वेल्डर आहेत.

— द्वितीय वर्ष, कला