गाण्यातील खिरापत

आश्विन महिन्यात पाटावर हत्तीचे चित्र मांडून मुली भोंडल्याचा फेर धरतात. त्या फेरात कारल्याच्या वेलाचे एक गाणे असते. सून माहेरी जाण्याची परवानगी मागते. सासू म्हणते, आधी कारल्याचे बी पेर. बी पेरले, तर कोंब येऊ दे. कोंब आला, तर वेल वाढू दे. मग फूल, मग कारले, मग त्याची भाजी! मुली हे हसत हसत गातात. परंतु बी पेरल्यापासून कारले हाती येईपर्यंत किती दिवस लोटतात, याचा हिशेब जो करील, त्याचे हसू मावळल्यावाचून राहणार नाही. सासू एकदाही सरळ नकार देत नाही आणि सूनही आपले दुःख बोलून दाखवीत नाही. ते सारे तिच्या पुन्हापुन्हा विचारण्यात साठले आहे.

कोणी म्हणेल, कारले कडू, तसा सासुरवास कडू, हाच येथील गूढार्थ. मला हे पटत नाही. गाण्याचा भर चवीवर नाही, लांबणीवर आहे. दोडक्याचा वेल असता तरी सुनेला तितकेच थांबावे लागले असते. मुलांनो, भोंडल्याच्या अखेरीस झाकलेली खिरापत ओळखताना डबा हलवून आवाज ऐकतात. उगाच मनास येईल ते नाव घेत नाहीत. (घेणारेही असतात म्हणा!) गाण्यातला अर्थही तसाच शब्दांच्या आवाजावरून ओळखावा.

कधी तो एकाच शब्दात दडलेला असतो. गोविंद बल्लाळ देवल यांचे 'शारदा' हे नाटक १८९९ साली रंगभूमीवर आले. कोवळ्या मुलीचे लग्न म्हाताऱ्याशी लावण्याच्या चालीवर ते लिहिले आहे. त्यातील एका पदात नवरदेवाचे वय 'पाऊणशे' सांगितले आहे. पाऊण म्हणजे पुऱ्या एकाहून कमी. म्हणून कानाला वाटते, वय थोडेच आहे. हिशेब करावा, तर पंचाहत्तर भरतात!

मात्र कवीने न ठेवलेला अर्थही गाण्यात येऊ शकतो काय? याचे उत्तर उल्हासनगरात मिळते. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधील असंख्य कुटुंबे घरदार सोडून कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आली. १९४९ साली त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. या लोकांच्या भाषेतील थोर सूफी कवी शाह अब्दुल लतीफ यांनी मारुईची कथा गायिली आहे. उमरकोटच्या राजाने तिला किल्ल्यात कोंडले; राणीपद देऊ केले. तिने रेशमी वस्त्रे नाकारली, अंगावरची जाडीभरडी घोंगडी टाकली नाही आणि मलीर या आपल्या मुलुखाचा ध्यास सोडला नाही. सूफी साधक म्हणतात, ही मारुई म्हणजे मूळ घराकडे ओढ घेणारा जीव.

शाह लतीफ १७५२ साली वारले. फाळणी त्यांच्या स्वप्नातही असणे शक्य नव्हते. तरीही मारुईच्या शोकात निर्वासितांनी आपला शोक ऐकला, तर तो अर्थ मी खोटा मानणार नाही. सुनेप्रमाणे मारुईलाही माहेरच हवे आहे. उल्हासनगरातील एखाद्या वृद्धेने मलीरच्या जागी आपले शिकारपूर किंवा लाडकाणा मनात धरला असेल, तर त्यासाठी तिला गाण्यातील एकही शब्द बदलावा लागला नसेल.